लावून दिलेलं

आमच्या बैठकीच्या खिडकीची चौकट सागवानी आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, करंगळी जाईल एवढं भोक आहे. ते पाडलं तेव्हा बाबा कचेरीत होते. केबलवाल्या भैयाने ड्रिल लावलं, सागाचा पिवळसर भुसा फरशीवर पडला आणि काळी वायर घरात आली. संध्याकाळी बाबांनी आधी भुसा पाहिला, मग भोक. चौकट घरमालकाची, त्यात इंग्रजांच्या वेळची. बाबांनी अबोला धरला. पुढे क्रिकेटची मॅच आली आणि अबोला आपोआप सुटला.

आता त्या भोकातून फायबरची बारीक तार येते. तिला ते भोक फारच मोठं पडतं, म्हणून आईने उरलेल्या जागेत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली आहे. पावसाळ्यात मुंग्या तरीही तिथूनच येतात. काळी वायर गेली आणि ही बारीक तार आली, त्यांच्या मधली काही वर्षं भोक नुसतंच उघडं होतं. उन्हाळ्यात दुपारी त्यातून उन्हाची एक तिरीप येऊन बरोबर बंद टीव्हीच्या काचेवर पडायची.

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आवाज कमी आणि झाडं जास्त. कडुनिंब, चिंच, मोठाली आवारं, मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्या, त्यातल्या बऱ्याच खोल्यांत आता भाडेकरू. स्टेशन जवळ असल्याने गाडीची शिट्टी घरात ऐकू येते आणि रात्री फलाटावरच्या घोषणेचे तुकडेही येतात. आमचं बिऱ्हाड इथे हायकोर्टामुळे आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं हायकोर्ट मध्य प्रदेशाचं होऊन जबलपूरला आलं. हिदायतुल्लासाहेब पहिले मुख्य न्यायाधीश झाले. फायलींबरोबर कारकून आले, त्यांत आजोबा होते. मराठी माणसं इथे त्याच्याही आधीपासून होती, थेट नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून. पण आजीला त्या इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. कोर्टाने माझं नागपूर सोडवलं, एवढंच ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

नागपूर तसं दूर नाही. शिवनीवरून बस धरली की दिवसभरात पोचता येतं. पण मराठी मात्र आमच्याकडे कायम कुणाच्या तरी पिशवीतून आली. दिवाळी अंक मावशीच्या पिशवीतून, पुलंच्या कॅसेट पुण्याच्या आत्याच्या पिशवीतून, कालनिर्णय गोंदियाहून येणाऱ्या कुणाच्या तरी वळकटीतून. टीव्ही आला तो दिल्लीची हिंदी घेऊन. ‘रामायण’, ‘महाभारत’ आजीने मनापासून पाहिलं, पण बातम्या लागल्या की ती उठून वाती वळायला बसे. तिच्या लेखी त्या दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी होत्या.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर डिश उगवायला लागल्या. १९९२ च्या ऑक्टोबरात झी सुरू झालं आणि आमच्या कडुनिंबांतून काळ्या वायरी लोंबायला लागल्या. आमच्या भैयाचा सगळा कारभार सदरमधल्या एका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून चाले. मी एकदा ती खोली पाहिली आहे. मांडणीवर एकावर एक पेट्या, प्रत्येक पेटी म्हणजे एक वाहिनी. पेट्यांवर टेबलफॅनचा वारा सोडलेला. खाली व्हीसीआर आणि एका मुलाचा जेवणाचा डबा. रात्री साडेनवाला तो मुलगा व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवायचा आणि अख्खी सिव्हिल लाइन्स तो सिनेमा बघायची. पडद्याच्या तळाशी साड्यांच्या दुकानाची जाहिरात सरपटत जायची. फर्माईश करायची तर फोन करायचा. कधी तो उचलायचा नाही, कधी म्हणायचा, “कल लगा देंगे, अंकल.”

२२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला. पुढचे कित्येक दिवस कुणी छपराखाली झोपायला धजेना. आवारात खाटा पडल्या, आणि कुणीतरी टीव्हीही अंगणात आणून मांडला. भैयाने तुटलेल्या वायरी कशाबशा जोडून दिल्या. आमच्याच शहराची पडझड आम्ही खाटांवर बसून, दिल्लीहून येणाऱ्या बातम्यांत पाहिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पडलेली भिंत टीव्हीत कधी दिसेल म्हणून लहान मुलं डोळे लावून बसली होती. ती काही दिसली नाही.

१९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झालं. मावशीच्या पत्रातून आजीला ते कळलं, आणि पहिल्या तारखेला पैसे न्यायला भैया आला तेव्हा ती ओसरीवर तयारच होती.

“माताजी, मराठी के मेरे पास चार घर हैं. चार घर के लिए पूरा चैनल कैसे दूँ?”

“चार नहीं, ग्यारह. मैं दत्तमंदिर में गिन के आई हूँ.”

गोलबाजारच्या दत्तमंदिरात तिने खरोखरच मोजणी केली होती. भैयाचीही अडचण खोटी नव्हती. एक वाहिनी वाढवायची तर एक पेटी वाढवायची, नाहीतर असलेली एखादी काढायची. शेवटी त्याने परदेशी बायका कपडे घालून चालतात ती वाहिनी काढली आणि तिच्या जागी अल्फा लावली. सिव्हिल लाइन्समधल्या काही सभ्य गृहस्थांनी या बदलाबद्दल दबक्या आवाजात तक्रार केली असं नंतर कानावर आलं. आजीने भैयाला बेसनाचे लाडू दिले. त्या दिवसापासून ती आणि पुण्याची आत्या एकाच संध्याकाळी एकच ‘आभाळमाया’ बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर, एसटीडीचे दर उतरले की, त्यावर बोलणं व्हायचं. नागपूर सुटल्यानंतर महाराष्ट्रातली आजची गोष्ट आजच तिच्यापर्यंत पोचत होती ती बहुधा तेव्हाच पहिल्यांदा. दिवाळी अंकसुद्धा तिला संक्रांतीला मिळत.

हे सुख फार टिकलं नाही. क्रिकेटची मालिका आली की भैया अल्फाची पेटी दुसऱ्या कामाला लावायचा आणि आजीच्या गोष्टीच्या जागी मुंग्या दिसायच्या. त्याहून वाईट विजेचं झालं. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशावर अंधार पडला. २००३ ची निवडणूक बिजली, सड़क, पानी यांवरच लढली गेली. तोवर आमच्या संध्याकाळी मेणबत्तीत गेल्या. मालिकेची वेळ आणि वीज जाण्याची वेळ यांचा काहीतरी गुप्त करार असावा. वीज परत यायची तेव्हा ‘आभाळमाया’तल्या सुधा जोशीच्या घरात काय घडायचं ते घडून गेलेलं असायचं.

डिस्क आमच्या घरात शिरली ती या फटीतून. वीज गेली की डिस्क थांबायची, आली की पुन्हा सुरू. चांदीसारखी एक तबकडी, तिच्यावर ऊन पडलं की आढ्याला इंद्रधनुष्य. व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून एक सिनेमा दोन डिस्कांत, लांबलचक हिंदी असेल तर तीन. डिस्क बदलायला जो उठेल त्याने येताना पाणी आणायचं, हा नियम कुणी न करता झाला होता. ओरखडा पडला की माणसाच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, आवाज अडखळायचा. मग डिस्क काढून मऊ बनियनने मधून बाहेर पुसायची, गोल नाही, सरळ. बाबा टूथपेस्ट लावायचे. तिचा उपयोग होतो असं त्यांचं ठाम मत होतं आणि कधीकधी व्हायचाही.

सदरच्या बाजारात एका अरुंद गाळ्यात भाड्याचं दुकान होतं. प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेल्या डिस्का, पत्त्यांसारख्या उभ्या लावलेल्या. लांब वहीत नाव, घराची खूण, डिस्कचा नंबर. मी आत शिरलो की दुकानदार वर न बघता म्हणायचा, “काए बड्डे, घर में कौन-कौन है आज?” मला हवा असलेला सिनेमा तो क्वचितच द्यायचा. आजी आहे म्हटलं की एक पाकीट, पाहुणे आहेत म्हटलं की दुसरं, आई-बाबा लग्नाला गेलेत म्हटलं की माझ्याकडे जरा निरखून बघून तिसरं. “ये ले जा. कल बारह के पहले.” बारा वाजले की दुसऱ्या दिवसाचं भाडं चढायचं.

त्या बाराच्या धाकाने आम्ही किती सिनेमे पाहिले! आवडो न आवडो, झोप येवो न येवो, रात्री बघून संपवायचा, कारण सकाळी परत द्यायचा. अर्धवट सोडलेला एकही आठवत नाही. आधीही असंच होतं. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट अशा एका रात्रीच्या भाड्याने यायच्या, तेव्हा पहाटे तिसऱ्या सिनेमापाशी सगळं आवार लाल डोळ्यांनी जागं असायचं. मग २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली आणि गंमत झाली. दोन-तीन दिवसांच्या भाड्यात सिनेमा कायमचा घरात. आम्ही सपाटून डिस्का घेतल्या. मढाताल भागात जाणं झालं की जयंती कॉम्प्लेक्समधून दोन तरी यायच्याच. आज ते डबे उघडले तर त्यांतल्या कितीतरींवरचं पारदर्शक वेष्टण अजून तसंच आहे. आपल्याच झाल्या म्हटल्यावर बघायची घाई कुणाला?

मराठी डिस्क मात्र दुकानात नसायची. ती नागपूरहून मावशी पाठवायची आणि मग ती दत्तमंदिरातल्या त्या अकरा घरांतून फिरायची. पाकिटावर बॉलपेनने नावं; ज्याचं बघून झालं त्याने आपलं नाव खोडायचं. एका नाटकाच्या डिस्कवर हळदीचा अंगठा उमटलेला होता, आणि तो कुणाचा यावर बायकांमध्ये एक संपूर्ण हळदीकुंकू खर्ची पडलं.

‘श्वास’ असाच आला. २००४ चा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला, ऑस्करला पाठवलेला. पेपरात रोज काहीतरी यायचं. आमच्या ज्योतीला किंवा दुसऱ्या कुठल्या टॉकीजला तो लागल्याचं मला तरी आठवत नाही. डिस्क आमच्याकडे आली तेव्हा बरीच घरं हिंडून आली होती. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या कर्करोगासाठी पुण्याला आणतात. ऑपरेशन झालं की पोराची दृष्टी जाणार. त्याआधी म्हातारा त्याला गुपचूप इस्पितळाबाहेर काढतो, चार गोष्टी बघून घे म्हणून. आजीच्या एका डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू पिकत होता. ती खुर्ची पुढे ओढून, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली होती. दोघं बाहेर पडले आणि चित्राचे चौकोन झाले. बाबांनी टूथपेस्ट लावली. बनियन झालं, फुंकर झाली, डिस्क उलटीपालटी करून उजेडात बघून झालं. चौकोनच. आजी थोडा वेळ वाट बघत बसली, मग म्हणाली, “दाखवलं असेल त्याने सगळं,” आणि जपाची माळ घेऊन आत गेली. मावशीने दुसरी डिस्क पाठवते म्हणून कळवलं; ती पाठवायची राहिली. पुढे आजीच गेली. तो सिनेमा मी आजतागायत पुरता पाहिलेला नाही. शोधला तर आता मिनिटात सापडेल, म्हणूनच राहिलाय बहुतेक.

केबल सुटली ती सरकारी आदेशाने. देशातल्या ज्या अडतीस शहरांत ३१ मार्च २०१३ पर्यंत सेट टॉप बॉक्स बसवणं सक्तीचं झालं, त्यांत जबलपूर होतं. भैया फॉर्म घेऊन आला, पाठोपाठ पॅकेजचा कागद. बाबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, यातल्या निम्म्या वाहिन्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत, त्यांचे पैसे मी का देऊ? भैयाकडे उत्तर नव्हतं. तो स्वतःच खंगला होता. पेट्या आता त्याच्या उरल्या नव्हत्या, वरून कुठूनतरी सगळं यायचं आणि तो फक्त वसुलीचा माणूस झाला होता. “अब मेरे हाथ में कुछ नहीं है, अंकल,” तो म्हणाला. वायर त्याने स्वतःच उपसून गुंडाळून नेली. सदरचं दुकानही त्याच सुमारास उठलं. दुकानदाराने डिस्का दहा-दहा रुपयांना फुंकून टाकल्या, गाळ्यात मोबाइलची कव्हरं लागली. नव्या मालकाला मी घरात कोण-कोण आहे ते सांगायचा प्रश्नच आला नाही.

अमेरिकेत नेटफ्लिक्सची सुरुवात टपालाने डिस्का पाठवण्यापासून झाली. लाल पाकीट घरी यायचं, सिनेमा बघायचा, त्याच पाकिटात घालून परत टाकायचा, मग पुढची डिस्क. २०१६ च्या जानेवारीत ही कंपनी भारतात उतरली ती नुसत्या तारेवरून. पाकिटं आपल्यापर्यंत आलीच नाहीत. तिकडे ती थेट २०२३ च्या सप्टेंबरापर्यंत चालू होती, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. एवढं सगळं तारेतून मिळत असताना पाकिटाची वाट बघणारी ती माणसं कोण असतील? कुणी म्हातारी, कुणी लांबच्या गावातली? आमच्या दत्तमंदिराच्या यादीत शोभली असती.

आमच्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळ्यांच्या हातात सगळं आलं. आईला पुतण्याने यूट्यूब लावून दिलं. आता ती दुपारी दोनला मराठी नाटक बघते, तेही स्वयंपाकघरात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. सांगणारे सांगतात, पूर्वी घर एकत्र बसून बघायचं, आता चार खोल्यांत चार पडदे. मला या उमाळ्याचा थोडा कंटाळा आहे. आमच्या घरात एकत्र बघणं म्हणजे बाबांना हवं ते बघणं. रिमोट त्यांच्या मांडीवर, त्यावर हात. आईने तीस वर्षं क्रिकेट पाहिलं आणि तिला अजून एलबीडब्ल्यू कळत नाही. साखरेच्या डब्याला टेकलेला फोन हा तिच्या आयुष्यातला पहिला स्वतःचा पडदा आहे, तो मी काढून घेणार नाही.

चुकल्याचुकल्यासारखं वाटतं ते वेगळ्याच गोष्टीपाशी. सिव्हिल लाइन्समधून जाताना एम्पायर टॉकीजच्या पडक्या वास्तूवरून गेलो की मी थोडा थांबतो. सिनेनट प्रेमनाथने विकत घेतलेली ही टॉकीज. पोरवयात याच टॉकीजमधून त्याला हाकलून दिलं होतं, म्हणून त्याने ती घेतली, अशी आख्यायिका आमच्याकडचा प्रत्येक रिक्षावाला सांगतो. खरीखोटी देव जाणे. पण टॉकीजला काय लागणार ते प्रेमनाथ ठरवणार, केबलला काय लागणार ते पत्र्याच्या खोलीतला डबेवाला मुलगा ठरवणार, सदरच्या गाळ्यात काय मिळणार ते दुकानदार माझं तोंड बघून ठरवणार, आणि मराठी कधी मिळणार ते नागपूरच्या मावशीला बस कधी सापडते त्यावर. त्यांतल्या प्रत्येकाशी भांडता येत असे. लाडू देता येत असत. आता पडदाही सुचवतो, अगदी अगत्याने सुचवतो, एक संपलं की पाच सेकंदांत दुसरं पुढे करतो. त्याला म्हणावं कसं, की ग्यारह घर हैं, गिन के आई हूँ?

फायबर जोडायला गेल्या वर्षी जो मुलगा आला तो भैयाच्याच ओळखीतला निघाला. भोक तयारच आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. मोठ्या टीव्हीला सगळं जोडून झालं, रिमोट आईच्या हातात दिला.

“लो आंटीजी. अब इसमें सब आता है.”

“सब मतलब?”

“सब. मराठी, हिंदी, अंग्रेजी, कोरिया का, जो बोलो.”

आईने रिमोट उलटसुलट करून पाहिला. “तो आज क्या देखूँ?”

हा प्रश्न त्याच्या कामात बसत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. मग त्याने हातातला पकड-पाना खाली ठेवला, रिमोट घेतला, बरंच वरखाली केलं आणि दक्षिणेकडचा हिंदीत डब केलेला एक मारामारीचा सिनेमा लावून दिला. “ये देखो, मस्त है. मेरी मम्मी ने तीन बार देखी.” चहा पिऊन तो गेला.

आईने तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. अडीच तास. एक माणूस चाळीस जणांना लोळवतो, गाड्या हवेत उडतात, अशातला. मधे एकदा मी म्हटलं, बदलून देऊ का, तुझं एखादं नाटक लावतो. तर नको म्हणाली.

“आवडला?” संपल्यावर मी विचारलं.

“बरा होता. त्या मुलाने लावून दिला होता ना.” मग थोड्या वेळाने, पोळ्यांची कणीक मळताना, “याचा दुसरा भाग आहे म्हणे. तो बिल न्यायला येईल तेव्हा विचार त्याला.”

बिल आता फोनवरच भरायचं असतं, न्यायला कुणी येत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.